सुनेच्या माहेरपणात बंद पडलेलं सॉफ्टवेअर

एखाद्या फुकट मिळणाऱ्या गोष्टीला तुम्ही कुलूप लावलंत की किस्से आपोआप जमायला लागतात. ते कुठे लिहून ठेवावे लागत नाहीत, लोकच फोन करून सांगतात. आणि आमच्याकडे फोन मी घेते!

महेश माझा धाकटा भाऊ. अंधेरीची चांगली नोकरी सोडून त्याने विरारला, फुलपाड्यात, दोन टेबलांचं ऑफिस थाटलं आणि केटरर लोकांसाठी सॉफ्टवेअर बनवलं. पाहुणे किती, मेनू काय ते टाका, सामानाची यादी तयार! वसईपासून विरारपर्यंत सगळ्यांनी ते वापरलं. विकत मात्र कोणी घेतलं नाही, पेनड्राइव्हवरून एकमेकांना वाटलं. शेवटी महेश वैतागला. त्याने पंधरा दिवसांची ट्रायल ठेवली, पुढे लायसन्स की, म्हणजे पैसे भरून मिळणारा कुलूप उघडायचा नंबर. मला म्हणाला, "ताई, या सीझनला एक तरी मोठं गिऱ्हाईक लागलं नाही, तर मी परत नोकरी धरतो." त्याचा चेहरा बघून मला थट्टा सुचली नाही.

---

पहिला फोन अर्नाळ्याच्या एका काकांचा.

"ताई, सून माहेरी गेली आनि तुमचं सॉफ्टवेअर बंद पडलं!"

मला काही कळेना. मग उलगडा झाला. त्यांची सून रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी कॉम्प्युटरची तारीख मागे करायची. ट्रायल संपणार कशी? सगळं घर महिनोन् महिने एकाच दिवसात राहत होतं.

मी म्हटलं, "काका, ही चोरी आहे."

"ते ऱ्हाऊ द्या. ती येईस्तवर तारीख मागं कोन करनार, ते सांगा!"

---

महेशने तारखेची वाट बंद केली. शिवाय एक की एकाच मशीनवर चालेल असं केलं.

आगाशीला दोन भाऊ आहेत, दोघांचा धंदा वेगळा. त्यांनी मिळून एक की घेतली आणि कॉम्प्युटरचा डबा गोणपाटात गुंडाळून स्कूटरवरून या घरून त्या घरी न्यायला सुरुवात केली. छान चाललं होतं. मग दोघांना एकाच मुहूर्ताची लग्नं आली.

थोरल्याने फोन केला. "मॅडम, लायसन्स अर्धं-अर्धं करून द्या."

"तसं होत नाही हो."

"वाडीची वाटणी झाली, विहिरीची झाली, याचीच का होत नाही?"

महेश बाजूला बसून डोकं धरून हसत होता. हसू ओसरल्यावर म्हणाला, "दोघांचं मिळून एकच विकलं गेलं ना पण."

---

सांडोरच्या एक आंटी मात्र शिस्तीच्या. की देताना मी बजावलं होतं, जपून ठेवा.

एका रविवारी त्यांचा कॉम्प्युटर फॉरमॅट झाला. संध्याकाळी ख्रिस्तांवाची, म्हणजे बाप्तिस्म्याची, पार्टी होती. मी विचारलं, "आंटी, की कुठाय?"

"बँकेच्या लॉकरमध्ये. तूच सांगितलंस ना!"

---

आणि शेवटी तो दिवस उजाडला. वसईचे एक मोठे केटरर, लुईस अंकल, स्वतः ऑफिसात आले. तीन किचन, प्रत्येक किचनला वेगळा कॉम्प्युटर.

"मला फुकटचं नको," ते म्हणाले. "तिन्ही मशीनच्या किया आत्ताच्या आत्ता दे. उद्या सकाळपासून लग्नं आहेत. नाही जमलं तर मी दुसरीकडे बघतो."

मी मनातल्या मनात हात जोडले. महेशने शर्ट नीट केला आणि किया बनवायचा प्रोग्रॅम उघडला.

आता झालं होतं असं, की मागच्याच महिन्यात त्याने नवीन लॅपटॉप घेतला होता. त्यावर आपले सगळे प्रोग्रॅम नव्याने चढवताना त्याने ते कुलूप सरसकट सगळ्यांना लावलं होतं. किया बनवणाऱ्या प्रोग्रॅमलासुद्धा!

स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत आलं, "ट्रायलची मुदत संपली आहे. लायसन्स कीसाठी खालील नंबरवर संपर्क साधा." खाली महेशचा मोबाइल नंबर.

अंकलनी ते वाचलं. मी वाचलं.

महेशला दरदरून घाम फुटला होता. त्याने घाईघाईने खिशातून मोबाइल काढला, स्क्रीनकडे बघत एकेक आकडा दाबला आणि फोन कानाला लावला.

जरा वेळाने माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, बिझी लागतोय!"