वन्संनी पाहिलेली मालिका

“मोठं होतं, मोठं होतं, नुसतं काय लावलंयस? किती मोठं? आपल्या दुकानाएवढं, का समोरच्या कापडवाल्याच्या पोटाएवढं?”

“समुद्र होता हो वन्सं. समुद्र केवढा असणार?”

“मला काय ठाऊक? मी काय रोज अंघोळीला जाते तिथं? भावाकडं इतके दिवस राहून आलीस, होडीत बसलीस, ते घड्याळांचं संग्रहालय का काय ते पाहिलंस, आणि सांगतेस काय, तर मोठं होतं! तुझं सांगणं म्हणजे बिनमिठाचं जेवण, वहिनी. पोट भरतं, पण जिभेला पत्ता लागत नाही.”

वहिनी हसली आणि मशीनच्या सुईत दोरा ओवू लागली. ओवता ओवता तिनं हळूच मागं पाहिलं. वन्सं कटिंगच्या टेबलापाशी उभ्या होत्या. गळ्यात टेप, कानावर खडू, हातात ती लांब कात्री. टेबलावर कापड पडलं होतं, गावातल्या गाण्याच्या मंडळींनी शिवायला टाकलेल्या कोटांचं. कोटाला गडद निळं आणि पँटीला काळं, एकाच विणीचे दोन गठ्ठे, शेजारी शेजारी. वहिनीचा दोरा सुईच्या बाजूनं गेला.

दुकान वन्संच्या वडिलांचं, अप्पांचं. त्यांच्या हाताखाली वन्सं कात्री शिकल्या, लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत आणि टेबल काही सोडलं नाही. वन्संचा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, वारल्यावर नणंद-भावजय दोघीच उरल्या. एकीनं कापायचं, दुसरीनं शिवायचं. भांडणंही तशीच वाटून घेतलेली. वन्संनी काढायची, वहिनीनं मिटवायची.

मशीन भिंतीकडं तोंड करून होतं, कारण उजेडाची खिडकी तिथंच. टीव्ही पाठीमागं, उंच फळीवर. शिवणारीनं मान वळवली की टाका वाकडा, म्हणून वहिनीनं आयुष्यात मालिका पाहिली नाही, ऐकली. बघायचं काम वन्संचं. दुपारी दोन जावांची ती मालिका लागली, की माणसं बोलत तोवर ठीक असायचं. पण मालिकेतली माणसं बोलतात कमी नि एकमेकांकडं बघतात जास्त. मग नुसतं वाजत राहायचं, ढँण ढँण ढँण.

“काय झालं हो वन्सं?”

“होतंय काय! थोरली जिन्यावर उभी आहे. हिरवी शाल घेतलीय. डोळे असे, की समोरचा असता तर उभा जळला असता. आणि हातात किल्ली आहे बघ. किल्ली मागं लपवली तिनं.”

“कसली किल्ली?”

“थांब की! तेवढं कळू दे.”

अशी ती मालिका. सकाळी रेडिओवर जुनी गाणी, दुपारी जावा, आणि संध्याकाळी काज-बटणाच्या वेळी वन्सं वाचनालयातलं पुस्तक मोठ्यानं वाचायच्या. खुनाचं पुस्तक असलं, तर गिऱ्हाईकसुद्धा कपडे घेऊन जायचं विसरून दारात टेकायचं. दोनेक वर्षांपूर्वी मात्र त्यांनी वाचणं एकाएकी सोडलं. “हल्लीची पुस्तकं पाणचट,” म्हणाल्या. “खून कुणी केला ते पहिल्याच पानावर कळतं.” वहिनीनं ते खरं मानलं. तिला वाचायची सवयच नव्हती, तिला काय कळणार पाणचट आणि घट्ट.

मग ह्या खेपेला ती भावाकडं गेली. पाहुणी म्हणून तिला हात हलवू देईनात. दुपारी भावाच्या सुनेनं तिला मऊ खुर्चीत बसवलं आणि ओळखीची धून वाजली. वहिनी सरसावून बसली. इतकी वर्षं ऐकलेली माणसं आज दिसणार!

थोरली जिन्यावर आलीच नाही. त्या मालिकेतल्या घरात जिनाच नव्हता. शाल होती, ती गुलाबी. ढँण ढँण वाजत होतं तेव्हा थोरली आपली नुसती उभी, हात रिकामे, ना किल्ली ना कुलूप. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आधी वहिनी खो खो हसली. म्हटलं, बघा आमच्या वन्सं, मला केवढी शेंडी लावली! परत गेले की चांगली खरडपट्टी काढते.

मग जेवताना तिचा घास तसाच राहिला. शाल गुलाबी होती. वन्संना लबाडी करायची तर किल्लीची करतील, जिन्याची करतील. रंगाची कशाला करतील? आणि पुस्तकं वाचणंही त्यांनी असंच एकाएकी सोडलं होतं. तिला वाटलं, वन्संना दिसत नाही. आणि दिसत नाही ती बाई तिकडं एकटी, निळ्या नि काळ्या गठ्ठ्यांसमोर, हातात कात्री घेऊन उभी आहे.

मुक्काम उरकून ती परतली ती ह्या घोरात. आल्या आल्या तिनं वन्संनी कापून शिवायला ठेवलेल्या गाठोड्याची गाठ सोडली. पहिल्या कोटाचा उजवा पुढा, म्हणजे पुढचा भाग, निळा, डावा काळा. बाह्या एक अशी, एक तशी. माप मात्र सुतासारखं. बोटांनी कापलेलं, डोळ्यांनी नाही.

तिनं गाठोडं पुन्हा बांधून मशीनखाली सारलं. सकाळपासून समुद्राच्याच गप्पा चालल्या होत्या.

“गाणंबिणं काही आणलंस का?” वन्संनी खडू कानावरून काढला.

वहिनीनं फोनवर लावलं. भावाच्या सुनेकडचं गाणं, कुणा परदेशी बाईचं, शब्द नाहीत, नुसता आलाप. वहिनीला ते फार आवडलं होतं. बसमध्ये तिनं तेच ऐकलं होतं.

वन्संनी थोडा वेळ कान दिला. “पोटात दुखतंय का तिच्या?”

“अहो, गाते ती!”

“डॉक्टरकडं न्या म्हणावं.”

डॉक्टर हा शब्द त्यांच्याच तोंडून आला, तेव्हा वहिनीनं फोन बंद केला आणि पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढलं. दीपगृहातल्या खुनाचं. बसमध्ये तिनं बोट ठेवून ठेवून अर्धं वाचलं होतं. आयुष्यातलं पहिलंच.

“हे पाणचट नाही, वन्सं. एक पान वाचून दाखवा ना.”

“घसा बसलाय.”

“सकाळपासून माझ्यावर खेकसताय, तेव्हा नव्हता बसला?”

“खेकसायला वेगळा घसा असतो.”

आणि त्यांनी गठ्ठ्यावरचं वरचं कापड टेबलावर झटकलं, हातानं सारखं केलं आणि बाहीची रेघ मारायला वाकल्या. कापड काळं होतं.

वहिनी उठली. “थोरलीची शाल गुलाबी आहे, वन्सं.”

खडू थांबला.

“मग?” वन्सं म्हणाल्या. “माझी हिरवी काय वाईट होती?”

“वाईट नव्हती. पण कोटाचा एक पुढा निळा नि एक काळा झालाय. बघा.” तिनं गाठोडं आणून सोडलं. मग बघा म्हटल्याचं तिचं तिलाच कसंतरी झालं.

वन्संनी दोन्ही तुकडे उचलून खिडकीपाशी नेले. जवळ धरले, लांब धरले, तिरके केले. बराच वेळ. मग टेबलावर ठेवले आणि त्यांची घडी घालू लागल्या, जसं काही घडीच घालायची होती.

“कधीपासून?” वहिनीनं विचारलं.

“मला काय ठाऊक! एकदम दिवा गेला असता तर कळलं असतं. काचेवर वाफ धरते ना, तसं आहे. माणूस आहे एवढं दिसतं. टीव्ही आहे हे दिसतं. बाकीचं मी माझं बघते.”

“मग सांगायचं नाही?”

“कशाला? तू माझी कात्री काढून घ्यावीस म्हणून?” आता वन्संचा आवाज चढला. “आमच्या अप्पांचं काय केलं ते तू पाहिलं नाहीस. डोळे गेले म्हणून लोकांनी टेबल काढून घेतलं नि दाराशी स्टुलावर बसवलं, बटणं निवडायला. बटणं! ज्यानं साऱ्या गावाची अंगं कापडात बसवली, त्याला येणारं-जाणारं म्हणायचं, म्हाताऱ्या, जरा पाय घे. मी नाही त्या स्टुलावर बसायची. ऐकलंस?”

“स्टूल केव्हाच मोडलंय. पावसाळ्यात जाळलं आपण.”

“तुला बोलायला काय जातं!”

“जातं की! तुम्ही स्टुलावर बसलात तर कापणार कोण? मी? मला सरळ रेघ मारता येत नाही. आणि अप्पांना कुणी डॉक्टरकडं नेलं होतं का?”

नेलं नव्हतं. तेव्हा कुणी नेतही नसे.

“मोतीबिंदू असेल. ऑपरेशनला सकाळी जातात नि दुपारी घरी येतात. माझ्या भावाच्या सासूनं केलं, आता ती दुसऱ्यांच्या ताटात काय वाढलंय तेही बघते.”

“नि बिघडलं म्हणजे?”

“तर निळं कुठलं नि काळं कुठलं मी सांगेन, तुम्ही कापा. आजपासूनच. ते कापड ठेवा आधी खाली, ते काळं आहे.”

वन्संनी ते ठेवलं, पण कात्री ठेवली नाही. वहिनीनं निळं उचलून पुढ्यात पसरलं आणि रेघा जाड मारायला पांढऱ्या खडूचा नवा तुकडा दिला. फुकट गेलेल्या कोटाचं कापड पदरचं घातलं, मंडळींना काही सांगितलं नाही.

मोतीबिंदूच निघाला. डॉक्टरांनी आधी एका डोळ्याचं ऑपरेशन केलं. काळा चष्मा लावून वन्सं घरी बसल्या ते दिवस वहिनीनं संध्याकाळी दीपगृहाचं पुस्तक वाचून दाखवलं, बोट ठेवून, अडखळत. प्रत्येक पानाला वन्सं म्हणायच्या, “नोकर आहे. नोकरानंच केलाय.” नोकरानं केला नव्हता. त्यावरून दोघी एक दिवस बोलल्या नाहीत.

मग चष्मा निघाला. वन्सं दुकानात आल्या, गठ्ठ्यांकडं नजर टाकून म्हणाल्या, “हे निळं. हे काळं. आणि ह्या भिंतीला रंग कधी देणार आहोत आपण? शी!” दुपारी धून वाजली तशी हाताची घडी घालून टीव्हीसमोर उभ्या राहिल्या. वहिनी शिवता शिवता कान देऊन होती. ढँण ढँण झालं.

“काय झालं हो वन्सं?”

पुन्हा ढँण ढँण.

“वन्सं?”

“काही नाही झालं. उभी आहे. नुसती उभी आहे भवानी! गालाला एवढा रंग फासलाय, जसं काही भिंतच. हे मी इतकी वर्षं बघत होते?”

त्यांनी टेबलाची कड धरली आणि ते ओढून फिरवलं, टीव्हीकडं पाठ येईल असं. कापड पसरलं, टेप काढला.

“अहो पण मला कोण सांगणार?” वहिनी म्हणाली.

“बघ की मान वळवून. तुला डोळे नाहीत?”

“मला शिलाई आहे.”

“मग गप शिव नि ऐक.” वन्संनी कानावरचा खडू काढला. “थोरली जिन्यावर उभी आहे. शाल हिरवीच. धाकटीला आता कळलंय, किल्ली कुणाकडं आहे ते.”

आणि त्यांनी निळ्या कापडात कात्री घातली.