मोदकांची बेरीज

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात फूलबाग आणि किला गेटची दोन मराठी मंडळं एक झाली, त्या वर्षी गणपतीच्या मोदकांचा हिशेब करायला कुणाचा तरी साडू लॅपटॉप घेऊन आला. नाव मला आजतागायत ठाऊक नाही. पोथीचं पान उलटावं तसं बोट जिभेला लावून तो बटणं दाबायचा.

कुणाला किती मोदक लागतील ते घरोघरी विचारून झालं होतं. नुसती बेरीज हवी होती. पण त्याचं सूत्र सगळ्या अटींत बसणाऱ्यांचेच आकडे धरायचं, आणि अटी सुचवायला दोन्ही मंडळं टपलेलीच होती. घराणं दख्खनचं हवं. मोदक उकडीचाच खाणारं हवं. घरात फक्त मराठी बोलणारं हवं, हे एकाने हिंदीत सांगितलं. तो खुशीत एकेक अट जोडत गेला. बेरीज आली शून्य.

"अहो, माणसं जेवायला येताहेत!" मी ओरडले.

"देखिए काकू, फॉर्म्युला एकदम सही आहे," तो शांतपणे म्हणाला. "लोकंच अटींत बसत नाहीयेत."

शेवटी दाल बाजारातून बुंदीचे लाडू आणले. पहिल्या पंगतीत तोच बसला होता, आणि एकही अट न घालता पुन्हा पुन्हा वाढून घेत होता.