भाऊबीजेचे सात रंग

भाऊबीजेची सकाळ होती. टेकबहादूर आमच्या पडवीच्या पायरीशी उभा राहून रांगोळीचे रंग मागत होता… थोडे थोडे, पण सगळे हवेत म्हणाला. दोन हजार सालाच्या आसपासची ही गोष्ट.

आमचं घर आरे-वारेच्या रस्त्याला, आणि मागे चढावर हापूसची बाग. टेकबहादूर त्या बागेचा राखणदार. रत्नागिरीच्या बागांमधून तेव्हा बरीच नेपाळी माणसं असायची आणि लोक सगळ्यांनाच सरसकट 'बहादूर' म्हणायचे. आमची काकू मात्र त्याला 'टेक' म्हणायची आणि तो तिला 'दीदी'.

काकू म्हणजे बाबांची मोठी वहिनी. काका बोटीवर होते, मी शाळेत जायच्या आधीच ते वारले आणि काकू आमच्यातच राहिली. तिला भाऊ नव्हता… भाऊबीजेच्या जेवणाचा सगळा घाट ती घालायची, पण ओवाळणीच्या वेळी बाहेर यायची नाही. आम्हालाही त्यात काही वेगळं वाटायचं नाही.

त्या दिवशी आई-बाबा माझ्या भावाला घेऊन मामाकडे नाट्याला गेले होते. घरात काकू आणि मी. मी नुकतीच बी.एस्सी. होऊन घरी बसले होते, त्यामुळे कुठेही नाक खुपसायला वेळच वेळ… मी विचारलं, एवढे रंग कशाला? खोलीपुढे रांगोळी काढणार आहेस का? तर म्हणाला, नाही, कपाळावर लावायचे आहेत.

मग त्याने सांगितलं ते असं. त्यांच्याकडे या दिवशी बहीण भावाला सात रंगांचा टिळा लावते. एरवी मिरजोळ्याला एका कारखान्याच्या वॉचमनची बायको इथल्या सगळ्या नेपाळी मुलांना टिळा लावायची, पण यंदा ते कुटुंब मुलुखाला गेलं होतं. मग तुला कोण लावणार, मी विचारलं.

"कोण नाही. आरसा हाय माझ्याकडं. बघून लावतो."

काकू आत चकल्या डब्यात भरत होती. डबा तसाच ठेवून ती बाहेर आली. "रांगोळीने कपाळ सोलवटेल रे तुझं," म्हणाली. "थांब जरा."

पुढचा अर्धा तास आम्ही घरभर रंग शोधत फिरलो… देव्हाऱ्यातून हळद, कुंकू, अष्टगंध आणि बुक्का मिळाला. पांढऱ्यासाठी तांदळाचं पीठ होतंच, हिरव्याला मी विड्याची पानं वाटली. निळ्यापाशी अडलो, तेव्हा काकूने न्हाणीतून कपड्यांना घालायची नीळ काढून आणली! चिमूटभरच घे, नाहीतर आठवडाभर जायचं नाही, असंही बजावलं.

मी ताट करायला घेतलं. म्हटलं, मीच ओवाळते. पण तो संकोचला. मी लहान… घरात मोठी बहीण असताना तिनेच लावायचा असतो, असं त्याचं म्हणणं. आणि तो काकूकडे बघत राहिला.

"माझ्या हातचं नको रे," काकू म्हणाली. "चालत नाही."

का चालत नाही, हे त्याला कळेना. शेवटी मीच अर्ध्या हिंदीत सांगितलं, की काका नाहीत म्हणून. मोठ्याने सांगताना माझं मलाच कसंतरी झालं. त्याने ऐकून घेतलं, थोडा विचार केला.

"पण भाऊ तर जिता हाय ना?"

त्याने वाद घालायला विचारलं नव्हतं. त्याला खरंच कळलं नव्हतं… काकूने पदराला हात पुसले आणि मला म्हणाली, "गो, पाट मांड."

तो सांगत गेला तसं काकू करत गेली. त्याच्याभोवती तेलाची रेघ ओढली, कारण यमाला ती ओलांडता येत नाही. "तुमच्याकडेही यमच?" काकूने विचारलं, आणि मग यम-यमीची आपली गोष्ट तिने त्याला सांगितली. उंबऱ्यावर अक्रोड फोडायचा असतो. तो कुठला मिळायला… काकूने सुपारी ठेवली आणि वरवंट्याच्या एका घावात फोडली. मग केळीच्या पानाला उभी चीर पाडून ते कपाळावर धरलं, चिरेतून पिठाची पांढरी पट्टी काढली आणि तिच्यावर काडीने एकेक रंग.

ओवाळून झालं. मला वाटलं, संपलं. तर टेकबहादूर पाटावरून उठला, काकूला बसवलं आणि काडी हातात घेतली. त्यांच्याकडे भाऊही बहिणीला लावतो म्हणे.

पांढरा, पिवळा, निळा… एकेक ठिपका तो हळूहळू लावत होता. कुंकवाच्या वाटीशी मात्र त्याचा हात थांबला. त्यांच्यातही ते चालत नसेल, की मी मघाशी सांगितलेलं त्याच्या मनात असेल, ठाऊक नाही. त्याने काडी खाली ठेवली.

काकूने वाटीकडे बघितलं. मग त्याच्याकडे.

"एक राहिला ना रे?"

त्याने काडी उचलली आणि तो लाल ठिपका लावला. मग वाकून तिच्या पाया पडला. काकूने त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही…

संध्याकाळी आई-बाबा आले तेव्हा काकू अंगणात वाळत घातलेलं आवरत होती. टिळा तसाच होता. आई दारातच थबकली.

"वहिनी, हे काय?"

"माझा भाऊ आला होता," काकू म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

पुढे टेकबहादूर त्याच्या मुलुखाला परत गेला, तोवर दर भाऊबीजेला हा टिळा आमच्याकडे झाला. आता काकूही नाही. आज माझ्या भावाला ओवाळताना दोघांची आठवण आली… टेकबहादूर, जिथे असशील तिथे सुखात राहा. एवढा साधा प्रश्न आम्हाला तोवर कुणी विचारलाच नव्हता.