एका पिठाची भाकर

भट्टीताईला कुणी तिचं खरं नाव विचारलं, की ती क्षणभर गडबडायची. वयाच्या अकराव्या वर्षी ती वडिलांच्या बेकरीत भट्टीपुढे उभी राहिली, ती एकसष्टाव्या वर्षीही तिथेच उभी होती. कोपरापर्यंत भाजल्याच्या जुन्या खुणा, आचेनं कायमच्या विरळ झालेल्या भुवया, आणि आवाज असा खणखणीत, की गल्लीच्या टोकावरून कुणी "पाव झाले का?" म्हणून विचारलं, तर त्याला दुकानापर्यंत यायची गरजच पडायची नाही. भट्टीची आच ती तळहातानं ओळखायची. हात आत धरायचा आणि आकडे मोजायचे. चारला हात आपोआप मागे आला, की भट्टी तयार. तीनला आला तर आच जास्त, थांबायचं. घड्याळावर तिचा विश्वास नव्हता. ते भिंतीवर टांगलेलं असतं, त्याला चटके कुठे बसतात, असं ती म्हणायची.

दादा तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. भट्टी तिची, तर परात त्याची. तो मळायचा. त्याच्या हाताखालून निघालेल्या पिठावर बोट दाबलं, तर ते झोपेतून उठल्यासारखं हळूच वर यायचं. माणूस मात्र मुलखाचा अबोल. गिऱ्हाईकानं चार प्रश्न विचारले तर एकाचं उत्तर द्यायचा, तेही मान हलवून.

ही वाटणी बाबांनी करून दिली होती. "याचा हात, हिचा डोळा. एकमेकांच्या कामात नाक खुपसाल, तर दोघांना मैद्याच्या पोत्यात घालून तोंड शिवीन." बाबा गेले, पोत्याची भीती गेली, पण वाटणी राहिली. गेल्या वर्षापर्यंत ताईनं कधी पीठ मळलं नाही आणि दादानं कधी भट्टीचं झाकण उघडलं नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असे, येशूच्या आठवणीत एक भाकर मोडून सगळे खात. त्या मेजावरची भाकर याच बेकरीतून जाई. एकच, मोठी, गोल. उजाडताना दादा मळायचा, ताई भाजायची, आणि आठच्या उपासनेला दोघं ती पांढऱ्या फडक्यात गुंडाळून घेऊन जायची. वाटेत ताई बोलायची आणि दादा भाकर सांभाळायचा.

वर्षापूर्वी मंडळीत फूट पडली, ती एका पाहुण्या उपदेशकामुळे. तसा तो बिचारा निमित्तमात्र. त्यानं पुस्तक न उघडता, डोळे मिटून, मनात येईल तशी वीस मिनिटं प्रार्थना केली, आणि म्हणाला, "आता तुमच्यापैकी कुणी करा." सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. आणि दादा उठला! जो माणूस "मीठ दे" एवढंसुद्धा पूर्ण बोलत नसे, तो उभा राहून देवाला सांगू लागला, की बाबा शेवटच्या दिवशी मला हाक मारत होते आणि मी दुकानात होतो. बोलता बोलता त्याला हुंदका आवरेना. अर्धं चर्च रडलं.

त्या दिवसापासून छापील प्रार्थना त्याला दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखी वाटू लागली. ताईचं अगदी उलट. त्या प्रार्थनापुस्तकावरच ती वाचायला शिकली होती. आई ओळीखाली बोट ठेवायची आणि ती अक्षर लावायची. आईनं शेवटचा श्वास घेतला तेव्हाही तेच पुस्तक उशाशी होतं. त्यातला एक स्वल्पविराम जरी हलवला, तर तिला आईचं बोट बाजूला सारल्यासारखं वाटायचं.

दोघांसारखेच बाकीचेही. कुणी म्हणालं, पुस्तकवाले पोपट आहेत. कुणी म्हणालं, मनवाले गोंगाट करतात. पंचांच्या सभेत खुर्च्या सरकल्या, आवाज चढले. आणि त्या सभेत भट्टीताई सगळ्यांदेखत भावाला बोलून गेली, "तुला दहा शब्द धड बोलता येत नाहीत, आणि देवापुढे कसली नाटकं करतोस?"

दादा काही बोलला नाही. तेव्हाही नाही आणि त्यानंतर वर्षभर तिच्याशी नाही.

शेवटी दोन उपासना ठरल्या. आठला पुस्तकवाल्यांची, दहाला मनवाल्यांची. उपासना चालवणारे पाळक मात्र एकच. त्यामुळे एका अंगरख्यात ते दोनदा घामाघूम होत.

बेकरी चालू राहिली, कारण गावाला पाव लागतोच. परातीपासून भट्टीपर्यंत सहा पावलं. त्या सहा पावलांच्या मधोमध, गल्ल्यावर, वहिनी बसायची. सारा कारभार तिच्यातर्फे चाले.

"वहिनी, त्यांना सांगा, मैदा संपत आलाय."

"अहो, ताई म्हणतात, मैदा संपत आलाय."

"तिला सांग, मला डोळे आहेत."

"ताई, ते म्हणतात..."

"ऐकलं मी! मला कान आहेत."

"मग मला कशाला मध्ये घालता? माझं काय तारघर केलंय का?" वहिनी वैतागून म्हणायची आणि पाव मोजायला लागायची.

प्रभुभोजनाच्या भाकरीही आता दोन झाल्या. त्याच्या हातचं पीठ आठच्या मेजावर नको, आणि तिच्या हातची आच दहाच्या मेजावर नको, असा हट्ट. पहिल्या रविवारी दोघं आपापली भाकर स्वतःच मळत आणि स्वतःच भाजत. ताईची भाकर तिच्या मळण्यामुळे दगड व्हायची. दादाची वरून करपायची आणि आत कच्ची राहायची. आणि गंमत बघा, दोन्हीकडची माणसं तो घास वर्षभर मुकाट्यानं चावत राहिली. आपल्या बाजूच्या भाकरीला नावं कशी ठेवायची? आठच्या उपासनेला येणारे म्हातारे मास्तर कवळी सांभाळत तो तुकडा गालात धरून ठेवायचे आणि दुपारपर्यंत चघळायचे. पण तक्रार? नाव नको.

मेजावरची भांडी धुण्याची पाळी ताईकडे होती. अशाच एका पहिल्या रविवारी, दहाची उपासना आटोपल्यावर, थाळीत उरलेला एक तुकडा तिच्या हाती आला. तो टाकायचा नसतो, म्हणून तिनं तोंडात घातला. कडवट करपट, आणि आत पिठाचा गोळा.

आणि तिच्या मनाला चटकन गोड वाटलं. बरी खोड मोडली!

तोच तिचे ओले हात थांबले. थाळी तशीच हातात. प्रभूच्या मेजावरची भाकर बिघडली, आणि आपल्याला आनंद झाला? पन्नास वर्षं ज्या मेजासाठी आपण आच मोजली, त्या मेजावरचा घास वाईट निघाला म्हणून?

त्याच दुपारी वहिनीनं डोळ्यांना पदर लावत सांगितलं. मनवाल्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला एक गोदाम भाड्यानं घेतलंय. पुढचा पहिला रविवार इथला शेवटचा. "तिथेच एक खोली बघितलीय यांनी. शेजारच्या बेकरीत मळायला माणूस हवाय म्हणे. ताई, मला नाही हो जायचं. पण त्यांना कोण सांगणार? ते बोलतात कुठे!"

म्हणजे महिन्याभरात परात रिकामी होणार होती. सहा पावलांवर पाठमोरा, न बोलणारा का होईना, दादा असायचा. तोही नसणार.

पुढच्या दिवसांत भट्टीताईचे पाव दोनदा करपले. गल्ली हादरली. शेवटच्या शनिवारी दुपारी ती चर्चमध्ये गेली. पाळक शिडीवर चढून खिडकीची काच पुसत होते.

"पाळकसाहेब, खरे कोण? आम्ही की ते?"

"मला विचारता? मी आठला तुमचा, दहाला त्यांचा, आणि अकराला डोकेदुखीचा."

ताई हसली नाही. तेव्हा ते खाली उतरले. तिनं त्यांना त्या तुकड्याचं सांगितलं. गोड वाटल्याचंही. ते बाकावर बसले आणि ओल्या फडक्याची घडी घालत राहिले.

"वर्षभर मी मागतोय, की देवा, चूक कोणाची ते दाखव. मला वाटत होतं, तो कुठल्यातरी एका बाजूकडे बोट दाखवील." ते म्हणाले. "तुम्हाला तुमचीच दाखवली. मला माझी अजून दाखवायचीय बहुतेक. दोन उपासना करून दिल्या आणि शांतता झाली, असं समजलो मी."

"पण माझं पुस्तकावर प्रेम आहे, ते काय खोटं आहे?"

"छे हो. ते देवाचंच आहे. पण त्याच्या पाठोपाठ हट्टही आत शिरला, त्याच्याच कपड्यात. दिसायला दोघं जुळे. मी तर कितीदा फसलोय."

"मग ओळखायचं कसं?"

"थोडं चालवून बघायचं. देवाकडचा असेल तो माणसाकडे निघतो. दुसरा आपल्याला घेऊन लांब जातो."

घरी येऊन तिनं आईचं पुस्तक उघडलं. पापांच्या कबुलीची ती प्रार्थना तिला पाठ होती. ओठ सवयीनं हलू लागले आणि मध्येच थांबले. पुढची ओळ समोर होती, पण तिला ती म्हणवेना. मग पुस्तकात नसलेलं एक वाक्य तिच्या तोंडून निघालं, "दादा बाबांसाठी रडत होता, आणि मी त्याला नाटकी म्हणाले." आणि बाबा गेल्यावर जी कधी रडली नव्हती, ती भट्टीताई पुस्तकावर डोकं टेकून रडली.

रविवारी उजाडताना दादा आपल्या फळीवर मळत होता. दुसऱ्या फळीवर ताईनं पीठ भिजवलं, चार हात मारले, आणि ती थांबली.

"दादा."

त्यानं सवयीनं गल्ल्याकडे बघितलं. वहिनी अजून आलेली नव्हती. आता उत्तर त्यालाच द्यायला हवं होतं.

"मी तुला नाटकी म्हणाले. सगळ्यांदेखत. तू रडलास ते मला बघवलं नाही, कारण मला रडता आलं नव्हतं. माझं चुकलं. तू जा हवं तर गोदामात, देव तिथंही आहे. पण हे न ऐकता जाऊ नकोस."

दादाचे हात पिठात तसेच रुतलेले. पिठाकडेच बघत तो म्हणाला, "पोपटपंची म्हणालो मी. आईच्या पुस्तकाला."

"हो. ते लागलं मला."

"लागणारच." आणि तिच्या फळीकडे बघून, "तुझं पीठ कसं झालंय?"

"दगड."

"आण इकडे."

त्यानं तिचं पीठ आपल्या पिठावर टाकलं, पाणी शिंपडलं आणि अंगाचा भार देऊन मळायला घेतलं. ताई बघत उभी राहिली. वर्षभरानं तिनं त्याची पाठ न बघता त्याचे हात बघितले.

"हे फुगायला दोन तास घेईल." दादा म्हणाला.

"अरे, आठची उपासना आहे!"

"मग पिठाला सांग तसं."

आठ वाजले. चर्चमध्ये पुस्तकवाले बसले, मेज रिकामं. साडेआठ झाले. घड्याळाला किल्ली दिल्यासारखे वागणारे एक पंच उठले. "पाळकसाहेब, भाकरीविना आज नुसतं वचन वाचून टाका ना." पाळक म्हणाले, "वर्षभर मी सोय बघत आलो. आज थांबू." साडेनवाला मनवाले यायला लागले, आणि बाक भरलेले बघून दारातच घोटाळले. आत कुणी बोलावेना, बाहेरून कुणी येईना.

इतक्यात वास आला. ताज्या भाकरीचा वास पंच, पोपट, गोंगाट काही बघत नाही, तो सगळ्यांच्या नाकात शिरतो. थाळीची एक कड दादाच्या हातात, दुसरी ताईच्या. दारातली माणसं बाजूला सरली.

"एकच?" पंचांनी विचारलं. "कुठल्या उपासनेची?"

ताईनं तोंड उघडलं, पण बोलला दादा. "पीठ दोघांचं आहे. आता वेगळं काढता येत नाही."

एवढं लांब वाक्य मंडळीनं त्याच्या तोंडून त्या एका रडण्यानंतर ऐकलं नव्हतं. वहिनीनं पहिलं पाऊल आत टाकलं आणि ती पुस्तकवाल्यांच्या बाकावर, "जरा सरका हो," म्हणत बसली. मग बाकीचे आले. सगळे नाही. काहीजण दारातच उभे राहिले, पण घरी कुणी गेलं नाही.

पाळकांनी पुस्तकातली प्रार्थना वाचली. मग पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "आता जो तो आपापली." इतकी शांतता पडली, की मेजावरच्या भाकरीचं कवच तडकल्याचं ऐकू आलं. मग भाकर मोडली, आणि बाकाबाकांवरून हातोहात गेली.

त्या गंभीर क्षणी मास्तरांचा आवाज आला. त्यांना वाटत होतं, आपण पुटपुटतोय. "देवा, तुझे उपकार! वर्षभरानं चावता आलं रे!"

आधी एक मूल खिदळलं. मग पंचांचे खांदे हलायला लागले. आणि मग दोन्हीकडचे एकदमच हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, कारण दोन्हीकडच्यांनी वर्षभर तेच गिळलं होतं.

त्या हसण्यानं सगळं मिटलं, असं मात्र नाही. पुढे चार सभा झाल्या, एकीतून पंच तावातावानं उठूनही गेले आणि छत्री विसरली म्हणून परत आले. शेवटी एकच उपासना ठरली, आधी पुस्तक आणि मग मनातलं. दादानं खोलीला नाही म्हणून कळवलं. पण तीन घरं गोदामात गेलीच. तिथे त्यांची छोटी उपासना सुरू झाली, आणि कुणी त्यांचं नाव काढलं, की चर्चमध्ये विषय बदलला जायचा.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी ताईनं भट्टीतून भाकर काढली, बघितली, आणि सुरीनं तिचे दोन भाग केले.

"हा त्यांना नेऊन दे."

"नाही घेतली तर?"

"तर आपण खाऊ. जा, गार होतेय."

दादा सायकलवरून गेला. ताई दुकानाच्या पायरीवर बसली. तिला पाव काढायचे होते, पण ती उठली नाही. त्यांनी भाकर परत केली तर? आणि दादा तिथेच रमला तर? तो विचारही येऊन गेला. तासाभरानं सायकल वळणावर दिसली. मागच्या कॅरिअरवर नुसतं घडी केलेलं फडकं.

"घेतली?"

"घेतली."

"काही म्हणाले?"

दादानं सायकल भिंतीला लावली. "म्हणाले, मीठ कमी आहे."

"मीठ? मीठ तू घातलंस!"

"मी बरोबर घातलं होतं. तू जास्त भाजलीस, म्हणून लागलं नाही."

"भाजण्यानं मीठ उडतं का रे? पन्नास वर्षं भट्टीपुढे उभी आहे मी, मला शिकवतोस?"

"अहो, हळू," वहिनी गल्ल्यावरून ओरडली, "गिऱ्हाईक आलंय!"

पण दोघांनीही तिच्याकडे बघितलं नाही.