गयाच्या तोंडचे शब्द

“पेंटर, ही आमची गया न्हाय,” म्हणत रुक्मिणमावशींनी ते पुस्तक माझ्या रंगाच्या डब्यांवर आपटलं.

मी उस्मानाबादेत दुकानांच्या पाट्या रंगवायचो. दुष्काळात ते काम बंद पडलं, तेव्हा तेरजवळ खडी फोडायला गेलो. तिथला मुकादम बायांच्या हजेऱ्या खायचा. रुक्मिणमावशी त्याला सगळ्यांसमोर जाब विचारायच्या. त्यांच्यावरून मला गया सुचली. तिची चित्रकथा मी स्वतः काढली, पदरचे पैसे घालून छापली, सोनारीच्या यात्रेत आणि एस.टी. स्टँडवर विकली. असे तीन अंक निघाले. खडीवर एखादी शिकलेली पोरगी मोठ्यानं वाचायची आणि बाया मुकादमाकडं बघून हसायच्या.

मावशींनी आणलेल्या पुस्तकावर माझं नाव नव्हतं. चित्रं मात्र माझीच. मुकादमापुढं हात उगारलेली माझी गया आता म्हणत होती, “बायांनो, कारखाना आपला आहे. शेअर घ्या!”

आमच्या भागात तेव्हा एक साखर कारखाना निघणार होता. माळावर नुसती पाटी होती. प्रवर्तक, म्हणजे कारखाना काढायला निघालेले पुढारी, गावोगाव शेअर खपवत होते आणि हे पुस्तक फुकट वाटत होते.

“माझ्या जावंनं पाटल्या मोडल्या,” मावशी म्हणाल्या. “गया सांगती म्हणल्यावर खोटं कसं आसंल, म्हणली. तू इकलीस व्हय रं तिला?”

माझे अंक ज्या प्रेसवर छापले होते, तिथं मी तडक गेलो.

इथं थोडं सांगायला हवं. तेव्हा चित्राचा जस्ताचा ठसा करायचे, त्याला ब्लॉक म्हणत. ब्लॉक मी सोलापूरहून करून आणायचो आणि छापून झालं की प्रेसवरच ठेवायचो. बोलण्याच्या फुग्यांच्या जागा कापून मोकळ्या ठेवायच्या आणि तिथं शिशाची अक्षरं बसवायची. म्हणजे ब्लॉक ज्याच्या हातात, त्यानं गयाच्या तोंडी काहीही घालावं.

“माझे ब्लॉक मला न विचारता मशीनवर चढवले?” मी प्रेसचे मालक बापूराव यांना विचारलं.

“भाऊसाहेबांचा माणूस आला होता. उद्या कारखान्याची सगळी छपाई मला मिळणार. तू कशाला मधे येतोस?”

डोक्यात तिडीक गेली. भाऊसाहेब म्हणजे मुख्य प्रवर्तक. त्यांच्या बैठकीत शिरलो.

“या आर्टिस्ट! तुमची बाई लई चालली.”

“ते शब्द माझे न्हाईत, साहेब.”

“चित्रं तुमची, शब्द आमचे. सहकार म्हणजे दुसरं काय असतंय?”

बैठक हसली. “कारखान्यात पब्लिसिटी आर्टिस्ट करतो तुम्हाला,” ते म्हणाले.

“नको. गयानं असं म्हटलं न्हाई, एवढं गावोगाव सांगा.”

“चित्रातल्या बाईचा खुलासा मी करत फिरू?” पुन्हा सगळे हसले. त्या हसण्याची चीड अजून अंगात आहे.

मी मावशींना सगळं सांगितलं. बाजारच्या दिवशी त्या खडीवरच्या बाया घेऊन प्रेसच्या दारात उभ्या राहिल्या.

“म्या काय बोलले, ते वाचून दावा,” त्या बापूरावांना म्हणाल्या.

“तुम्ही नाही हो. ती गया बोलली.”

“गया म्हंजी म्याच. ह्यांना इचारा. म्या कवा म्हणले शेअर घ्या?”

रस्त्यावर गर्दी जमली. बापूराव दोन ओळी वाचून थांबले. मग आत गेले आणि माझे ब्लॉक पोत्यात भरून माझ्यासमोर ठेवले.

चौथा अंक मी लातूरला छापला. या वेळी फुग्यातलं अक्षर न् अक्षर हातानं लिहून चित्राबरोबरच ब्लॉकमध्ये घेतलं. त्यात गया माळावरच्या पाटीखाली उभी राहून विचारते, “कारखाना कुठं हाय?” स्टँडवरच्या स्टॉलवाल्यानं भाऊसाहेबांच्या भीतीपोटी अंक ठेवला नाही. बायांनी तो आठवडी बाजारात विकला. दोन-तीन गावांनी शेअर घ्यायचं थांबवलं. पण पुढं कुठलाच दुकानदार माझं पुस्तक घेईना. मालिका तिथंच संपली.

कारखाना उभा राहिला नाही. मावशींच्या जावेच्या पाटल्या गेल्या त्या गेल्याच. भाऊसाहेब पुढं आणखी दोन संस्थांवर निवडून आले. अजून एखादा म्हातारा भेटतो आणि कौतुकानं म्हणतो, “तुमची ती शेअरवाली गया झकास होती.” फुकट वाटलेलं पुस्तक घरोघरी राहिलं, माझं विकत घेतलेलं रद्दीत गेलं.

आताची पोरं चित्रकथा काढतात आणि मला सल्ला विचारतात. मी सांगतो, चित्र कुणालाही दाखवा. फुग्यातले शब्द मात्र स्वतःच्या हातानं लिहा, आणि छापून झालं की मूळ माल छापणाऱ्याकडं ठेवू नका.