शेवाळेकाकांचा मैल

एप्रिलमधल्या एका सकाळी शालनकाकूंचा फोन आला, तेव्हा मी युनिव्हर्सिटीसमोरच्या बसस्टॉपवर उभी होते. "काका गेले गं," त्या म्हणाल्या. "चहा ठेवला, हाक मारली, उठलेच नाहीत..." बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली तसं दार मिटून बस निघून गेली. मग काकूंनी विचारलं, "खुरपं तुझ्याकडेच आहे ना?" होतं. माझ्या खोलीत, सायकलच्या कॅरिअरला, काकांच्या जुन्या पायमोज्यात गुंडाळलेलं. "असू दे," त्या म्हणाल्या. "त्यांनी विचारलं असतं, म्हणून विचारलं."

शेवाळेकाका माझे नात्यातले कुणी नव्हते. ते सातारा जिल्ह्यातून फार पूर्वी अमेरिकेत आले, सगळी नोकरी हायवे बांधण्यात घालवली आणि रिटायर होऊन सिएटलजवळच्या बॉथेलमध्ये राहिले. आणि मी मोटारींच्या विरोधातली. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांची पत्रकं लिहायचे. मी अक्षरं गिरवली ती त्यांच्या प्रुफांच्या पाठकोऱ्या बाजूवर. अन्याय दिसला की आधी कागद शोधायचा, ही सवय तिथलीच. २००४ साली इथे शिकायला आले आणि पाहिलं, तर दुधाची बाटली आणायलाही माणसं टनभर लोखंड सोबत घेऊन निघतात, आणि त्या लोखंडाला उभं राहायला जागा हवी म्हणून गावच्या गाव डांबराखाली घालतात. पायी चालणाऱ्याकडे तर लोक असं बघतात, जणू त्याच्या घरी काहीतरी अघटित झालंय. गप्प बसणं मला शक्यच नव्हतं. मराठी मंडळाच्या गणपतीत मी 'मोटार घरी ठेवा' असं पत्रक काढलं आणि पार्किंगमधल्या एकेका गाडीच्या वायपरखाली खोचत निघाले.

शेवटच्या रांगेपलीकडे पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ खांबाला सायकल बांधत होते. "मला नाही का एक?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कशाला, काका? तुम्ही तर सायकलवर आलात."

"वा! म्हणजे ज्यांना शिव्या द्यायच्या, त्यांनाच पत्रक. जो तुझ्या बाजूचा, त्याला कोरडंच ठेवणार? अशी कशी तुझी चळवळ, पत्रकबाई?"

ते नाव मला तिथेच चिकटलं. त्यांनी पत्रक उभ्या उभ्या पूर्ण वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "रविवारी ये. मोटार नसलेला रस्ता दाखवतो."

तो रस्ता म्हणजे कॅस्केड पर्वतातून जाणारी एक जुनी रेल्वेलाइन. रूळ उखडून तिथे खडी पसरलेली, आणि मोटारींना बंदी. बसच्या पुढच्या बाजूला सायकली ठेवायची जाळी असते. तीत आमच्या सायकली चढवून आम्ही पायथ्याच्या गावापर्यंत जायचो आणि तिथून वीस मैलांचा चढ. आगगाडीसाठी काढलेला, त्यामुळे अंगावर येणारा नाही. टायरखाली खडी भाजलेल्या पापडासारखी कुरकुरते. बाकी सगळं शांत. तासन् तास फरची दाट झाडी, मधूनच खालच्या दरीतले हिरवे उतार आणि कुरणं, आणि मग एका वळणावर झाडं एकदम बाजूला होतात आणि समोर बर्फाची शिखरंच शिखरं... पहिल्या दिवशी मी त्या वळणावर बोलायचं विसरले होते. ही गोष्ट काकांनी पुढे प्रत्येकाला सांगितली. "पत्रकबाई चक्क दहा मिनिटं गप्प होती, विटनेस आहे मी!" डब्यात काकूंच्या दशम्या आणि लसणाची चटणी असायची. अस्वलांना चाहूल लागावी म्हणून काका प्रत्येक वळणावर घंटी वाजवायचे आणि मराठीत ओरडायचे, "सरका हो, पाव्हणं, आम्ही आलोय!"

पण त्या वळणापासून पुढचा एक मैल काका सायकल चालवायचेच नाहीत. उतरायचे, पायमोज्यातून खुरपं काढायचे आणि रस्त्याकडेचा चर साफ करत चालायला लागायचे. दर थोड्या अंतरावर रस्त्याखालून पाणी जायला मोरी होती. तिच्या तोंडाशी अडकलेला पाला, काटक्या, वाहून आलेली खडी ते उकरून काढायचे. मी वैतागायचे. एकदा म्हणाले, "काका, हे पार्कवाल्यांचं काम आहे. आपण फुकट राबलो तर ते माणसं कमी करतील."

"करतील खरं," ते खाली वाकूनच म्हणाले. "मग त्याच्यावर तू पत्रक काढ. पण पाऊस तुझं पत्रक छापून व्हायची वाट बघत नाही. रस्ता चाकानं मरत नाही गं, पाण्यानं मरतो."

मग त्यांनी सांगितलं. पूर्वी आपल्याकडे रस्त्याच्या एकेका मैलाला एक मैलकुली नेमलेला असे. तेवढ्या मैलाचे खड्डे, चर, मोऱ्या यांची जबाबदारी त्याची. काकांचे वडील असेच मैलकुली होते. खुरपं त्यांचंच. पोरगा इंजिनिअर होऊन अमेरिकेला निघाला, तेव्हा त्यांनी ते त्याच्या बॅगेत टाकलं. "आपल्याकडे किलोमीटर आले आणि म्हाताऱ्याचा मैल गेला," काका हसत म्हणाले. "इथे अजून मैलच चालू आहेत. म्हटलं, घराण्याची नोकरी पुढे चालवावी." पार्कची राखण करणाऱ्या रेंजरलाही ते ठाऊक होतं. तो काकांना नुसता हात करून पुढे जायचा.

दोन उन्हाळे असे गेले. तिसऱ्या वसंतात काकांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डोंगर बंद. सप्टेंबर लागला तसा त्यांना चैन पडेना. ऑक्टोबरात पाऊस सुरू होतो. मोऱ्या तुंबलेल्या राहिल्या तर त्यांचा मैल वाहून जाणार. काकू म्हणाल्या, "वरच्या पार्किंगपर्यंत मी गाडीनं सोडते. तिथून तीन मैल हळूहळू जा. नाहीतर जायचं नाव काढू नका." मी हट्टानं म्हणाले, मोटार नसलेल्या रस्त्यावर मोटारीनं जायचं म्हणजे उपासाला वडापाव. मी येणार ती बसनंच. आणि काकांनी, मला वाईट वाटू नये म्हणून, काकूंची कशीबशी समजूत काढली आणि ते माझ्याबरोबर बसनं आले.

चढाच्या सातव्या मैलाला ते सायकलवरून उतरले आणि एका मोरीच्या कठड्यावर बसले. ओठ पांढरे पडलेले. मी पाणी दिलं. पाच मिनिटांनी मला म्हणाले, "अगं, ही मोरी बघ किती छान बांधलीय. दगडी काम आहे." तक्रारीचा एक शब्द नाही. आम्ही तिथूनच मागे फिरलो. बसमध्ये ते खिडकीला डोकं टेकून झोपले आणि मी सबंध रस्ताभर त्यांच्या छातीच्या वर-खाली होण्याकडे बघत होते. तत्त्व माझं होतं आणि धाप त्यांना लागत होती. माझ्या वडिलांनी संपाच्या काळात स्वतः उपाशी राहून पत्रकं लिहिली, दुसऱ्याला उपाशी ठेवून नाही. हे मला त्या बसमध्ये आठवलं. उशीर झाला, पण फार नाही.

पुढच्या शनिवारी मीच फोन केला. "काकू, उद्या गाडीनं जाऊ या का?"

काकू म्हणाल्या, "तसं पत्रक काढशील ना? मंडळात वाटते मी."

मी मागच्या सीटवर बसले, दोन सायकलींच्या हँडलांमध्ये अंग चोरून. काका पुढून आरशातून माझ्याकडे बघत होते. ते एकदाच म्हणाले, "सीट कंफर्टेबल आहे ना, पत्रकबाई?" वर पोचून आम्ही तीन मैल रमतगमत गेलो. वळणावर शिखरं होती, नुकतं पडलेलं पांढरंशुभ्र बर्फ होतं. काकांनी नजर भरून पाहिलं, सायकल आडवी केली आणि खुरपं काढून माझ्या हातात दिलं. त्या दिवशी चर मी उकरला. ते दगडावर बसून दशमी खात हुकूम सोडत होते... "खालून घे. तोंड मोकळं कर आधी. इंजिनिअरिंग नाही हे, नुसतं वाकायचं असतं." परतताना त्यांनी खुरपं मागितलं नाही. "हिवाळाभर राहू दे तुझ्याकडे," म्हणाले.

मोटारींबद्दल माझं मत आजही तेच आहे. ते मी लिहीतही राहीन. पण आता लिहिताना, हे कुणाच्या छातीवरून जातंय, एवढं बघून घेते.

गेल्या आठवड्यात डोंगरावरचं बर्फ वितळून रस्ता खुला झाला. मी बसनं आणि पुढे पायडल मारत वर गेले. काकू गाडीनं आल्या आणि काकांची काठी घेऊन ते तीन मैल चालल्या. शिखरं तिथेच होती. दुसरी मोरी हिवाळ्यानं पार बुजवून टाकली होती. चरातलं पाणी रस्त्यावर यायच्या बेतात होतं. मी पायमोज्यातून खुरपं काढलं, खालून घेतलं, आधी तोंड मोकळं केलं. बराच वेळ काही झालं नाही. मग आत कुठेतरी गुडगुडलं, गढूळ पाण्याचा लोट गेला आणि त्यामागून स्वच्छ बर्फाचं पाणी वाहायला लागलं. मी कंबर धरून उभी राहिले, गुडघ्यापर्यंत चिखलात. काकू पलीकडच्या दगडावर, काकांच्याच जागी, डबा उघडून बसल्या होत्या. आजवर त्यांनी मला कधी त्या नावानं हाक मारली नव्हती.

"उभी काय राहिलीस, पत्रकबाई?" त्या म्हणाल्या. "अर्धा मैल बाकी आहे अजून."