भिंतीकडं तोंड

वडील तिजोऱ्या बनवायचे. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं पत्र्याचं शेड होतं, अजून आहे, आता तिथं मी बनवतो. वडिलांची एक रीत होती. तिजोरी गिऱ्हाइकाच्या घरी बसवून झाली की किल्ल्या लाखेनं सील केलेल्या कापडी पिशवीतून द्यायचे. लाख गिऱ्हाइकानं स्वतः फोडायची. मग नंबरच्या कुलपाचा आकडा लावायची वेळ आली की म्हणायचे, "आता तुमचा आकडा तुमीच घाला. म्या भिंतीकडं बघतोय." आणि खरोखर भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. गिऱ्हाईक कितीही "आवो बघा की, तुमच्यापासनं काय लपवायचं" म्हणालं तरी मान वळायची नाही. आम्ही भावंडांनी त्याची थट्टा करून टाकली होती. आईनं लाडवाचा डबा उघडला की थोरली अक्का आणि मी लगेच भिंतीकडं वळायचो.

अक्का लग्न होऊन जयसिंगपूरला गेली. दाजी तिथं शाळेत गणित शिकवायचे. त्यांना एकच मुलगी. आज ती तिशी ओलांडून गेली आहे, पण बुद्धी पाच-सहा वर्षांच्या पोरीची. वेणी अक्का घालते, भात अक्का कालवून देते. आपण गेल्यावर हिचं काय, हा एकच घोर त्या दोघांना जन्मभर होता.

दाजींनी निवृत्तीनंतर मोबाइलवर बिटकॉइन घ्यायला सुरुवात केली. दर महिन्याला थोडं थोडं, पेन्शनमधून. मी त्यांना खूप चिडवलं. पण ते वाढत गेलं, आणि मग माझं हसू बंद झालं. ते सगळं पोरीसाठी होतं. पुढं ही नाणी विकणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या कुठल्या तरी परदेशी बाजाराचा घोटाळा झाल्याची बातमी आली आणि दाजी घाबरले. नाणी दुसऱ्याच्या बाजारात ठेवू नयेत, हार्डवेअर वॉलेट घ्यावं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. पेन ड्राइव्हसारखं छोटं यंत्र. तुमच्या नाण्यांची किल्ली त्यात, तुमच्या हातात. कंपनी परदेशातली, थेट मागवायचं तर महिना जाणार. म्हणून दाजींनी ते ऑनलाइन एका दुकानदाराकडून घेतलं. थोडं स्वस्तही मिळालं.

डबा न फोडता ते माझ्या शेडवर घेऊन आले. "पावणं, तुमची नजर हाय. बघा जरा."

मी डबा उलटा-पालटा केला. वरचं प्लास्टिक कोरं, कडेची चमकती पट्टी अखंड, कुठं नख लागलेलं नाही. मग फोडला. आत यंत्र आणि एक कार्ड. कार्डावर चंदेरी पट्टी, मोबाइलच्या रिचार्जच्या कूपनवर असायची तशी. दाजींनी रुपयाच्या नाण्यानं ती खरवडली. खाली चोवीस इंग्रजी शब्द छापलेले. हे शब्द यंत्रात घालून सुरू करा, आणि जिवापाड जपा, असं शेजारी लिहिलेलं.

दाजी थबकले. गणिताचा माणूस. म्हणाले, "शब्द त्येनीच छापून दिल्यात. चालतंय न्हवं?"

"आवो दाजी, तिजोरी करणाराच किल्ली देतोय की. सील बघा, हात लागलेला न्हाय. पक्कं हाय."

हे मी म्हणालो. छातीठोकपणे म्हणालो. लाखेची पिशवी मला आठवली आणि भिंत आठवली नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. पुरात आणि आगीत कागद टिकत नाही म्हणून मी पोलादाची पाटी कापली आणि ते चोवीस शब्द पंचनं एकेक अक्षर करून तिच्यावर ठोकले. दोन दिवस लागले. एकही अक्षर तिरपं गेलं नाही. ती पाटी आणि ते यंत्र अक्काच्या घरी वडिलांनीच करून दिलेल्या तिजोरीत ठेवलं. दाजींनी त्याआधीच ते शब्द यंत्रात घालून सगळी नाणी त्याच्या पत्त्यावर पाठवली होती.

पाच महिन्यांनी एका सकाळी दाजींचा फोन आला. आवाज ओळखू येईना. यंत्र जोडलं तर शिल्लक शून्य. मी त्यांना कोल्हापूरला बोलावलं. अक्काला त्यांनी डोळे तपासायला जातो असं सांगितलं. राजारामपुरीत एकजण कॉम्प्युटर दुरुस्त करतो, त्याला यातलं कळतं. त्यानं यंत्राकडं नीट बघितलंही नाही. कार्ड उचललं आणि विचारलं, "हे शब्द आधीच छापलेले होते?"

पट्टी मीच खरवडली, असं दाजी म्हणाले.

मग त्यानं समजावून सांगितलं. ते शब्द यंत्रानं तुमच्यासमोर, तुमच्या एकट्यासाठी तयार करायचे असतात, आणि कागदावर ते तुम्ही लिहायचे. शब्द ज्याला ठाऊक, नाणी त्याची. यंत्र लागतच नाही. मधल्या कुणीतरी खरा डबा उघडून स्वतःचे शब्द छापून घातले होते, नवी पट्टी चिकटवली होती, आणि दाजी पैसे टाकीपर्यंत तो निवांत बसला होता. मी चोराची किल्ली पोलादावर ठोकून अमर केली होती. दाजी म्हणाले, "चहा घ्या पावणं." मला शिवी घातली असती तर मी त्यांचे पाय धरले असते.

पोलिसांत गेलो. साहेबांनी विचारलं, "तिजोरी फोडली का?" न्हाय. "किल्ली?" आमच्याकडंच हाय. त्यांनी तक्रार लिहून घेतली आणि पोच दिली. कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की आम्ही छापील शब्द कधीच देत नाही, माल थेट आमच्याकडून घ्यावा. बरोबरच आहे त्यांचं, आणि त्याचाच मला संताप येतो. उद्या थेट त्यांच्याकडून घेतलं, तरी तो बनवणारा भिंतीकडं बघत होता की माझ्या हाताकडं, हे बंद डब्यावरून मला कसं कळावं? वडिलांची पाठ गिऱ्हाइकाला दिसायची.

त्या दिवशी परत जाताना स्टँडवर दाजी एवढंच म्हणाले, "तुमच्या अक्काला सांगू नका. तुमी पक्कं म्हणालाय, तवापासनं तिला झोप लागत्या."

मी तोंडाला कुलूप घातलं. पुढच्या थंडीत दाजी गेले. झोपेतच गेले. डॉक्टर हृदय म्हणाले. मी काय म्हणणार?

परवा अक्कानं बोलावून घेतलं. अशा मुलींना जन्मभर सांभाळणारी एक संस्था तिनं शोधली आहे, स्वतः जाऊन बघून आली आहे. खोलीत ऊन येतं, जेवण गरम असतं, सांभाळणाऱ्या बायका मारत नाहीत. जागा एकच राहिली आहे आणि पैसे एकदम भरायचे आहेत. खूप दिवसांनी तिचा चेहरा मला हलका दिसला. तिनं कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"काढ ती तुझी पाटी. कसं करायचं ते तुलाच ठावं."

मी तिजोरी उघडली. पाटी बाहेर काढली. गार होती, जड होती, एक गंजाचा ठिपका नव्हता. मागं वळलो तर अक्का भिंतीकडं तोंड करून उभी. शेजारी तिची पोरगी, आईचं बघून तीही भिंतीकडं वळलेली, हसू दाबताना खांदे हलत होते.

"घाल बाबा तुझं शब्द," अक्का म्हणाली. "आमी न्हाय बघत."

मी पाटी खाली ठेवली. म्हणालो, "अक्का, हिकडं तोंड कर."